हाउन्सलोतली रशियन घड्याळं

एकाच वेडाची माणसं महिन्यातून एकदा एका खोलीत जमली की किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. मी घरी येऊन बॅग रिकामी करते आणि त्याबरोबर त्या दिवशीचं सगळं नवऱ्यासमोर रिकामं करते. परवा तो म्हणाला, "विद्या, लिहून काढ एकदा." नवऱ्याला ऐकायचा कंटाळा आला की तो मला लिहायला सांगतो. तर लिहिते.

आमचा क्लब सोव्हिएत काळातल्या घड्याळांचा. इथे ब्रिटनमध्ये, हाउन्सलोत चर्चच्या मागे एक हॉल आहे. सकाळी तिथे लहान मुलांचा टॉडलर ग्रुप असतो, दुपारी आम्ही. म्हणजे आधी टेबलावरचा ज्यूस पुसायचा, मग घड्याळं मांडायची. बहुतेक सगळी एकाच कारखान्याची. नाव लिहीत नाही, आम्हीही त्याला नुसतं 'फॅक्टरी' म्हणतो. फॅक्टरी बंद पडली, देश तर त्याच्याही आधी बंद पडला, आणि आता त्या फॅक्टरीचा इतिहास हाउन्सलोतले मूठभर पेन्शनर ठरवतात.

चेअरमन ग्रॅहम. आयुष्यभर इन्शुरन्समध्ये लोकांचे क्लेम नाकारले, आता घड्याळं नाकारतो. माणूस वाईट नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं दारातच हसून विचारलं, "कोणाबरोबर आलात?" त्याला वाटलं कुणाची तरी बायको, सँडविचं घेऊन आलेली. मी मनगट पुढे केलं. माझ्या आईनं नोकरी लागल्यावर पुण्यात घेतलेलं फॅक्टरीचं लेडीज घड्याळ होतं. त्यानं भिंग काढलं, दाराच्या उजेडात नीट पाहिलं आणि म्हणाला, "हे चालेल. आत या." मला आत घेतलं ते आईच्या घड्याळाबरोबर आलेली बाई म्हणून.

*

ग्रॅहमच्या वडिलांचा किस्सा त्याच्याच तोंडून ऐकायला हवा, पण तो दर वर्षी सांगतो, म्हणून मी सांगितला तरी चालेल.

फॅक्टरी आपली घड्याळं ब्रिटनमध्ये विकायची ती एका झकास इंग्लिश नावानं. डायलवर मोठ्या अक्षरात ते नाव, आणि 'मेड इन यूएसएसआर' हे तळाशी इतकं बारीक की डास बसलाय असं वाटावं. ग्रॅहमच्या वडिलांचं घड्याळ तसलं. त्यांचा रशियावर भयंकर राग. रोज टीव्हीवर बातम्या लागल्या की ते रशियन लोकांच्या नावानं बोटं मोडायचे, आणि बातम्या लागायची वेळ झाली का ते मनगटावर बघायचे.

एकदा घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून तरुण ग्रॅहमनं मागचं झाकण उघडलं. आत सगळी रशियन अक्षरं. तो म्हणाला, "डॅड, हे तर रशियन आहे."

वडिलांनी घड्याळ हातात घेऊन आतली अक्षरं पाहिली. मग म्हणाले, "झाकण लाव."

मरेपर्यंत तेच घड्याळ घातलं त्यांनी. शिव्याही तशाच चालू होत्या.

*

मिलिंद कांबळे क्लबात आला तो माझ्यामुळे, त्यामुळे पुढच्या सगळ्याचं पाप थोडं माझ्याही डोक्यावर आहे. मिलिंद हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. मला विद्याताई म्हणतो. त्याचे वडील, कांबळेकाका, मुंबईला भायखळ्याच्या फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं, मांडीवर एक काचेची पेटी. म्हातारपणी मुलानं काका-काकूंना इकडे आणलं.

पहिल्या दिवशी मिलिंदच्या हातात काकांचं घड्याळ होतं, दाखवायला आणलेलं. आतलं मशीन फॅक्टरीचं. पण डायल निळं, काकांनी स्वतः रंगवलेलं, आणि बाराच्या आकड्याखाली सोनेरी रंगाचं इवलंसं पिंपळपान. काकांनी ते काकूंसाठी केलं होतं. काकूंनी बरीच वर्षं घातलं, मग हात सुजायला लागले तेव्हा काकांनी पट्टा बदलून स्वतःच्या हाताला बांधलं.

ग्रॅहमनं भिंग लावायचीही तसदी घेतली नाही. हातभर अंतरावरूनच म्हणाला, "आह. मुंबई स्पेशल."

हा या धंद्यातला शब्द आहे. रशियाच्या कोरड्या थंडीसाठी केलेली घड्याळं मुंबईच्या दमट हवेत काळी पडतात. मग तिथले कारागीर डायल घासून पुन्हा रंगवतात, या घड्याळाचा काटा त्याला, त्याची चावी याला, आणि घड्याळ चालू. इथल्या लोकांना अशी घड्याळं म्हणजे विटाळ. मेंबरांत सगळ्यात मोठी शिवी कुठली विचाराल, तर हीच.

मिलिंद हसून म्हणाला, "हरकत नाही. मीपण तिथलाच आहे."

सगळे हसले. त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, त्या मी बघितल्या.

*

फॅक्टरी कशी सुरू झाली यावर ग्रॅहमचं एक भाषण आहे, स्लाइड्ससकट. अमेरिकेत एक घड्याळाचा कारखाना बुडाला. रशियनांनी त्याची जुनी मशिनं बोटीवर चढवली, उरलेसुरले पार्ट उचलले, शिकवायला चार अमेरिकन कारागीरही नेले. पहिली सोव्हिएत घड्याळं म्हणजे अमेरिकन पार्ट आणि वर रशियन नाव. "काय हिकमती लोक!" ग्रॅहम म्हणाला. त्याचे डोळे खरोखर चमकत होते.

मिलिंदनं हात वर केला. "मग मुंबईतले लोक जुने पार्ट जोडून घड्याळ करतात ते?"

"ती फसवणूक," ग्रॅहम म्हणाला.

"अच्छा," मिलिंद म्हणाला. "बोटीनं आणलं की इतिहास, हातगाडीवरून आणलं की फसवणूक."

ग्रॅहमनं पुढची स्लाइड लावली.

*

गालिना आमच्याकडे पाहुणी म्हणून येते. फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलची इंजिनियर होती, आता मुलीकडे हाउन्सलोत राहते आणि नातवंडांना शाळेतून आणते. ती आली की मेंबर लोक तिला देवळातल्या पुजाऱ्याला घेरावं तसं घेरतात.

एकदा ग्रॅहमनं एक दुर्मीळ घड्याळ तिच्यासमोर ठेवलं. डायल एका मॉडेलचं, काटे दुसऱ्याचे. त्यानं यावर एक लेखही लिहिला होता, की फॅक्टरीनं हे मुद्दाम, प्रयोग म्हणून, फार थोड्या काळासाठी केलं.

गालिना म्हणाली, "महिनाअखेर असणार. प्लॅन पुरा करायचा होता. काटे संपले असतील."

"म्हणजे प्रयोग नव्हता?"

"प्रयोग होता की. डायरेक्टरची नोकरी वाचते का, याचा."

ग्रॅहमनं लेखात बदल केला नाही. घड्याळ अजून दुर्मीळच आहे.

आणि तिचा दुसरा किस्सा, तो मात्र कुणी परत सांगायला सांगत नाही. शेवटी शेवटी फॅक्टरीकडे पगाराला पैसे नव्हते. पगार म्हणून घड्याळंच द्यायचे. महिनाभर राबायचं आणि पिशवीभर घड्याळं घेऊन घरी जायचं. गालिना पिशवी घेऊन बेकरीत गेली, म्हणाली, पावाच्या बदल्यात एक घे. बेकरीवाल्यानं काउंटरखालचा खण ओढून दाखवला. खण घड्याळांनी भरलेला. त्याची बायकोही फॅक्टरीतच होती.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"चालत घरी गेले. रस्त्यात कुणी वेळ विचारली असती तर बरं वाटलं असतं. पण गावात प्रत्येकाकडे घड्याळ होतं."

*

आता आपल्या माणसांबद्दल. नाहीतर तुम्ही म्हणाल विद्या फक्त गोऱ्यांच्याच नावानं खडे फोडते.

ग्लासगोहून डॉक्टर रानडे कधीमधी येतात. मोठे सर्जन, मोठं कलेक्शन, लाकडी पेट्यांत मखमलीवर. मराठी ऐकून खूश झाले, मिलिंदला म्हणाले, "वा वा! आडनाव काय?"

"कांबळे."

"कांबळे म्हणजे... कुठले?"

हा प्रश्न मराठी माणूस गावाचं नाव ऐकायला विचारत नाही. मी पुण्याची आहे, आमच्या घरी सोफ्यावर बसवून पाहुण्यांना हाच प्रश्न विचारताना मी लहानपणापासून ऐकलंय. मिलिंद म्हणाला, "हाउन्सलोचे." डॉक्टरांनी मान डोलावली आणि मग इंग्रजीतच बोलत राहिले.

त्याच दुपारी डॉक्टरांनी आपलं सगळ्यात लाडकं घड्याळ टेबलावर ठेवलं. ग्रॅहमनं भिंग लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. डायल पुन्हा रंगवलेलं होतं. मलाही दिसलं, तीनचा आकडा जरा जाड.

ग्रॅहम खाकरला. म्हणाला, "हे जुन्या काळातलं सर्व्हिस डायल दिसतंय, दुरुस्तीच्या वेळी बसवलेलं. त्या वेळच्या एखाद्या चांगल्या कारागिरानं काळजीपूर्वक केलेलं. घड्याळाच्या इतिहासाचाच भाग."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मी मिलिंदकडे पाहिलं. तो टेबलाखालून मला पायानं गप्प राहायची खूण करत होता. मी गप्प राहिले. मला राग आला होता, अजूनही येतो.

*

कांबळेकाका एकदाच क्लबात आले. थंडीचे दिवस, सूट घातलेला, वर लोकरीची टोपी. ग्रॅहमला कळलं की हे खरोखर मुंबईचे कारागीर. तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोरच बसला आणि त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही लोक ही बनावट डायलं नेमकी बनवता कशी?"

काकांना इंग्रजी येत नव्हतं. मिलिंदनं भाषांतर केलं, "पप्पा, तो विचारतोय, तुम्ही डायल इतकं सुरेख कसं रंगवायचात?"

काका फुलले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब समोर बसून विचारत होता. त्यांनी सगळं सांगितलं. जुना रंग कशानं काढायचा, ब्रशाचे केस काढून दोनच कसे ठेवायचे, श्वास रोखून आकडा कसा ओढायचा. मिनिटांच्या रेघा हातानं मारल्या तर कुठे चुकतात, तेही सांगितलं. ग्रॅहम मध्ये मध्ये "फॅसिनेटिंग" म्हणत होता. काकांनी घरी जाऊन काकूंना सांगितलं, "माणूस कदरदान आहे."

पुढच्या महिन्यात ग्रॅहमचं भाषण होतं: मुंबईची बनावट घड्याळं कशी ओळखावीत. काकांनी सांगितलेला एकेक मुद्दा त्यात होता. काकांचे आभार मानायला तो विसरला नाही, "एका आतल्या माणसाकडून" असं म्हणाला.

काकांना मिलिंदनं इतकंच सांगितलं की तुमच्यावर लेक्चर झालं. काकांनी शेजारच्या पंजाबी कुटुंबाला बर्फी वाटली.

त्याच वसंतात काका गेले.

*

यंदा लायब्ररीनं आम्हाला प्रदर्शनासाठी खोली दिली. फॅक्टरीचा संपूर्ण इतिहास, पहिल्या घड्याळापासून शेवटच्यापर्यंत. मिलिंदच्या घरी हे कळल्यापासून काकूंचं एकच. "यांचं घड्याळ ठेवतील का रे तिथे?" जेवताना तेच, फोनवर तेच. नवऱ्यानं जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं फुटपाथवर बसून दुरुस्त केली, आता त्याचं स्वतःचं एकदा चारचौघांच्या घड्याळांबरोबर टेबलावर मांडलेलं बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मिलिंदसाठी तर तो वर्षश्राद्धापेक्षा मोठा विषय झाला, आणि त्यांच्यात वर्षश्राद्ध करतही नाहीत.

मिलिंदनं स्वाभिमान खिशात घातला आणि घड्याळ ग्रॅहमकडे दिलं. म्हणाला, "माझ्या वडिलांचं आहे. आई बघायला येणार आहे. कोपऱ्यात ठेवलं तरी चालेल."

ग्रॅहम हेलावला. खरंच हेलावला, त्यानं मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "कोपऱ्यात कशाला? मेन टेबलवर ठेवू. तू ते माझ्यावर सोड."

आमच्या क्लबाचा एक नियम आहे. मेन टेबलवर जे जाईल ते करेक्ट पाहिजे. म्हणजे फॅक्टरीतून निघालं तेव्हा जसं होतं तसं. ग्रॅहमनं आपल्या स्वतःच्या साठ्यातलं एक ओरिजिनल पांढरं डायल काढलं, काटे काढले, चावी काढली, ते सगळं त्यात बसवलं, काच बदलली. एक पै घेतली नाही. कितीतरी संध्याकाळी डोळे फोडून बसला असेल. पुढच्या मीटिंगला त्यानं ते मखमली डबीत घालून मिलिंदच्या हातात दिलं. "आता ते खरं घड्याळ झालं," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिलिंद त्या पांढऱ्या डायलकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "जुनं डायल कुठंय?"

"काळजी नको, टाकलं नाही," ग्रॅहम म्हणाला. "ते शिक्षणासाठी फार उपयोगी आहे. प्रदर्शनात लागणार आहे."

बसस्टॉपवर मिलिंद रडला. पन्नाशीचा माणूस, हातात ती डबी. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत जाऊ, मी बोलते त्याच्याशी." तो म्हणाला, "काय बोलशील, विद्याताई? माझ्यावर उपकार केलेत त्यानं." तरी प्रदर्शन संपलं की डायल परत मागायचं आणि घड्याळात पुन्हा बसवायचं असं आमचं ठरलं. काकूंना तोवर काही सांगायचं नाही.

*

प्रदर्शनाच्या दिवशी मी काकूंना बसनं घेऊन आले. पांढरं पातळ, वर मिलिंदचा जाड कोट, पायात ट्रेनर्स बूट. मिलिंद दारातच होता. माझ्या कानात म्हणाला, "आत एक कपाट आहे, दाराजवळ. आईला तिकडे नेऊ नकोस." एवढंच बोलायला वेळ मिळाला.

आम्ही काकूंना थेट मेन टेबलपाशी नेलं. ग्रॅहम स्वतः पुढे आला, त्यानं वाकून घड्याळ दाखवलं. समोर कार्डावर कांबळे हे नावही होतं. काकूंनी चष्मा सारखा केला, पांढऱ्या डायलकडे पाहिलं, पाहुण्याच्या घरचं काही दाखवल्यावर म्हणतो तसं "छान आहे" म्हणाल्या आणि पुढच्या घड्याळाकडे सरकल्या. एकेक बघत गेल्या. रशियाची, लष्कराची, आंधळ्यांची. शोधत होत्या, ते कळत होतं. मिलिंद मागून म्हणत होता, "आई, चहा घेऊ या ना आता."

त्या थांबल्या त्या दाराजवळच्या छोट्या कपाटापुढे.

आत लाल कापडावर चार-पाच डायलं होती आणि मधोमध, एका बारीक दिव्याखाली, काकांचं निळं. पिंपळपान झगझगत होतं. शेजारी कार्ड: मुंबईतील बनावट काम. ओबडधोबड रंग, चुकीची चिन्हं. संग्राहकांनी टाळावं.

काकूंनी काचेवर हात ठेवला. मग दुसराही ठेवला. "हे बघ," त्या म्हणाल्या, "हे बघ यांचं."

ग्रॅहम मागे उभा होता, कौतुकानं बघत.

"काय लिहिलंय रे?" काकूंनी मिलिंदला विचारलं.

मिलिंदनं कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, "मुंबईत रंगवलंय, असं लिहिलंय, आई."

"यांचं नाव?"

"नाव नाही लिहिलं."

"असू दे," काकू म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "गावाला यांच्यासाठी कप वेगळा ठेवायचे, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. हेपण वेगळं ठेवलंय. पण काचेत ठेवलंय, वर दिवा लावून."

मग त्या वळल्या, ग्रॅहमचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मिलिंदनं शिकवलेलं तेवढं इंग्रजी बोलल्या. "थँक्यू, सर. थँक्यू."